पाठमोरी

"आवाज येत नाहीये," दिग्दर्शक म्हणाला. "ही थप्पड आहे का? माशी हाकलल्यासारखी वाटते."

हिरोने हात झटकला. "जोरात मारली तर लागेल तिला."

"मग तिला आणलंय कशाला?"

नायिका छत्रीखाली बसली होती. उद्या तिचं गाणं होतं, गाल सुजून चालणार नव्हतं. म्हणून तिचे कपडे आणि तिच्यासारख्या केसांचा टोप घालून कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्या जागी मार खाणारी डबल उभी होती. वय छत्तीस. बारा वर्षं हेच काम. पाण्यात ढकललेल्या, जिन्यावरून लोटलेल्या, केस धरून फरफटत नेलेल्या सगळ्या पाठमोऱ्या नायिका म्हणजे तीच होती. रुसायला आणि लाजायला नायिका स्वतः यायच्या.

पाचव्या टेकनंतर हिरोने हळूच विचारलं, "ताई, ठीक आहात ना?"

"चालू द्या," ती म्हणाली. उजव्या कानात शिट्टी वाजत होती, त्यामुळे त्याचं बोलणं तिने ओठांवरून ओळखलं.

सातवी थप्पड पसंत पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरोने मान लववून त्या घेतल्या.

घरी तिने दाढ दुखतेय म्हणून सांगितलं आणि चार दिवस मऊ भातावर काढले.

सिनेमा लागला तेव्हा रविवारी सगळं घर गेलं. नवरा, सासूबाई आणि नववीतली मुलगी. नवरा खुशीत होता. तिकीट फाडणाऱ्यालाही त्याने सांगितलं, "आमच्या हिचं काम आहे यात."

"गर्दीत आहे मी," ती म्हणाली. "शोधत बसू नका."

पडद्यावरची नायिका गाडीतून फिरत होती, चारचौघांत हिरोला उलट उत्तरं देत होती. मग थप्पड बसली. अख्ख्या थिएटरने शिट्ट्या मारल्या.

"बरी जिरली," सासूबाई म्हणाल्या. "फार तोंड चालत होतं."

नवरा खुर्चीच्या हातावर मूठ आपटून हसला. मुलगी हसली नाही. पडद्यावरची ती पाठ, तो खाली झुकलेला डावा खांदा ती बघत होती. मग तिने वळून आईकडे बघितलं.

मध्यंतरात दोघी हात धुवायला गेल्या.

"तुझी दाढ दुखत नव्हती ना?"

"नव्हती."

"खरंच मारलं त्याने?"

"सात वेळा."

मुलीने नळ बंद केला. हात पुसत म्हणाली, "माझ्या मैत्रिणींना सांगू नकोस हं, ती तू होतीस म्हणून."

"मी कशाला सांगू?"

मध्यंतरानंतर नायिका हिरोच्या दाराशी रडत उभी राहिली, चुकले म्हणाली, आणि हिरोने तिला माफ केलं. सासूबाईंनी डोळे पुसले.

संध्याकाळी शेजारची चार माणसं गॅलरीत जमली. नवरा सिनेमाची गोष्ट रंगवून सांगत होता. थप्पड आली तसा तो उठला.

"सांगून कळायचं नाही. इकडे ये गं, उभी राहा."

ती हातातलं भांडं ठेवून आली. नवऱ्याने हिरोसारखा जबडा आवळला आणि हात फिरवला. तो तिच्यापर्यंत पोचलाही नाही. पण नेमक्या क्षणी तिची मान फिरली, केस उडाले आणि ती कठड्यावर जाऊन आदळली.

माणसं पोट धरून हसली.

"अहो, वहिनींना तर हिरॉइन करायला हवं होतं," शेजारी म्हणाले.

"बारा वर्षं गर्दीत उभी राहून एवढं तरी शिकणारच की," नवरा कौतुकाने म्हणाला. तेवढ्यात शेजाऱ्यांची बायको बाहेर आली. तिचं बघायचं राहिलं होतं.

मुलगी उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आईने तोंडावरचे केस मागे सारले, किती अंतर सोडायचं ते नजरेनेच मोजलं आणि पुन्हा नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.