रामरावाला हाक

गिरिजाबाईंनी वाटीत चार हरभरे टाकले आणि पोराच्या पाठीमागे जाऊन वाटी हळूच हलवली. पोराने चटकन मान वळवली.

"ऐकू येतंय की बराबर!" त्या म्हणाल्या. "कान चांगले हायेत."

पोराच्या आईने, बेबीनंदाने, त्याला जवळ ओढलं. अडीच वर्षांचं लेकरू तोंडातून शब्द काढत नव्हतं. केदारखेड्यातल्या बाया त्याला मुका म्हणू लागल्या, तेव्हा तिनेच अंगणवाडीच्या ताईंना घरी बोलावून आणलं होतं.

"मंग बोलत काहून न्हाई, ताई?"

गिरिजाबाईंनी घरात नजर फिरवली. ओट्यावर बेबीनंदाच्या सासूने, झुंबरबाईंनी, तांब्या आपटला. सुनेने उठून त्यात पाणी भरलं. सासूने सूप वाजवलं. सुनेने ज्वारी ओतली. कोनाड्यातल्या रेडिओचे सेल कधीचे संपले होते. पोराचा बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा येणारा. घरात बोलत होती ती भांडीच.

"अबोला कवापासून?"

"बारशापासून," बेबीनंदा पुटपुटली. "सासूबाईनं मामंजीचं नाव ठिवलं. मी म्हनलं, सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घेऊ? झालं."

"मंग हाक कशी मारता?"

"अय म्हनते. न्हाईतर बोक्या."

"आन् तुम्ही, झुंबरबाई?"

झुंबरबाईंनी पदर सारखा केला. "मालकाचं नाव घेऊ का मी? लग्नात उखाण्यात घेतल्तं, तेवढंच. आता मोकळ्या कपाळानं कुनी उखाणा घेतं का?"

गिरिजाबाईंना हसू आलं. हट्टाने ठेवलेलं नाव, आणि ते घ्यायला घरात कुणाची जीभ मोकळी नाही.

"लेकरू बोलणं कानानं पितं," त्या म्हणाल्या. "तुमचं भांडण खुशाल करा, पण मोठ्यानं करा. भाकर दाखवा, गाय दाखवा. नावानं हाक मारा. तरी न्हाई बोललं तर जालन्याच्या डॉक्टरला दाखवू."

"लई चावट हाये ही ताई," झुंबरबाई सुपाकडे बघत म्हणाल्या.

गिरिजाबाई मग दर पंधरवड्याला येत राहिल्या. ज्वारी हुरड्यात आली, त्या दिवसांत एकदा त्यांना बोळातूनच आवाज ऐकू आला.

"बाळा, आजीला सांग, भाकर निवून राह्यली!"

"तुझ्या आईला सांग, गरम असती तवा बोलवावं मानसानं!"

"भाकल!" तिसरा आवाज खिदळला. "भाकल!"

गिरिजाबाई कुडाला धरून उभ्याच राहिल्या. जीव हलका होऊन त्यांचे डोळे भरले.

पोर अंगणात कोंबड्यांमागे पळत होतं. ओट्यावरच्या झुंबरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही, अशी खात्री झाल्यावर खालच्या, लाजऱ्या आवाजात त्या म्हणाल्या,

"सोन्याच्या कणसाला मोत्याचा दाणा,
रामरावाला म्हनते, उंबऱ्यात या ना."

"ओ!" पोर धुळीच्या पायांनी धावत आलं आणि त्यांच्या मांडीत शिरलं.

आत बेबीनंदाचा हात तव्यावर थांबला.

पोर मांडीतच होतं, तरी झुंबरबाईंनी पुन्हा हाक मारली. आता उखाणा नव्हता. नुसतं नाव, हळूच.