मुंगी माझ्या खाली होती

मी जेवणाचं टेबल बोलतोय. आवाज थोडा कापतोय, तेवढं सांभाळून घ्या. माझा एक पाय नवा आहे, पोटाखाली दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्यात, आणि कुणी वाटी जरा जोरात ठेवली तरी मी आतल्या आत दचकतो. पूर्वी मी असा भित्रा नव्हतो.

माझा जन्म शिंप्यासाठी झाला. शिंपी अंगानं भरलेला होता. कापड कापताना अख्खा माझ्यावर ओणवा व्हायचा. म्हणून त्यानं सुताराला बजावलं होतं, "फळ्या जाड घाल. दिसायला कसंही असू दे, डुगडुगता कामा नये." सुतारानं ते शब्दशः घेतलं. मी दिसायला खरंच कसाही आहे. पण शिंप्याकडे असताना गरम इस्त्री, लोखंडी कात्री, कापडाचे तागे, सगळं माझ्यावर आदळायचं आणि मी हूं की चूं करायचो नाही.

पुढे शिंप्याची नजर गेली. सुईत दोरा ओवायला तो रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायला लागला, तेव्हा त्याच्या लेकीनं दुकान बंद करून त्याला आपल्या घरी नेलं. मला एका नव्या जोडप्यानं नेलं. जेवायला मी उंच पडत होतो, म्हणून नेल्या नेल्या माझे पाय खालून कापले. घरात आल्याबरोबर पाय कापून घेणारा पाहुणा मी एकटाच असेन.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. संध्याकाळी दोघं माझ्या दोन बाजूंना बसायचे आणि एकमेकांचं बोलणं तोडत बोलायचे. तो लिफ्टमध्ये अडकून गाणं म्हणत बसलेल्या वकिलाची गोष्ट सांगायचा. ती सुई बघून बेशुद्ध पडलेल्या पैलवानाची सांगायची. जेवण गार व्हायचं, हात वाळायचे, तरी कुणी उठायचं नाही.

मग मुलगी झाली. सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. तिला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. "थोडे दिवस मी घरी थांबते," आई म्हणाली. त्या थोड्या दिवसांना शेवट काही आला नाही. मुंगी चार वर्षांची झाली, तरी आई घरीच होती.

तिचा दिवस माझ्याइतका कुणी पाहिला नसेल. सकाळी ती मला पुसायची. मग माझ्यावर दूध सांडायचं. पुन्हा पुसायची. डबे भरायची, भाजी चिरायची, कपड्यांच्या घड्या घालायची, सगळं माझ्यावर. दुपारी पाण्याच्या जगला फोन टेकवून मोठ्या बहिणीशी बोलायची.

"काय चाललंय?" मावशी विचारायची.

"काय चालणार? सकाळी पसारा आवरला. आता तोच पसारा माझ्याकडे बघून हसतोय. ताई, संध्याकाळी हे विचारतात, आज काय झालं? मला काही आठवतच नाही गं. दमलेली तर असते. मग मी दिवसभर केलं काय?"

"एक कर. रोज चहा पिताना एक गोष्ट शोध, जिच्यामुळे बरं वाटलं. अगदी बारीकशी. आणि तिचे मनातल्या मनात आभार मान."

"आज दूध उतू गेलं नाही. चालेल?"

"पळेल."

"मोज्यांची जोडी सापडली. दोन्ही मोजे, आणि एकाच दिवशी!"

"बघ! तुझं तर भाग्य उतू चाललंय," मावशी म्हणाली, आणि दोघी हसून हसून खोकायला लागल्या.

तेव्हापासून तो एक खेळच झाला. मुंगीचं नाक वाहायचं थांबलं. पाव ताजा मिळाला. उन्हात चादर कडक वाळली. आई म्हणायची, पण तिच्या हाताखाली मी असायचो, मला कळायचं की तिचं मन त्यात नाही. म्हणताना तिचा हात पुसतच असायचा. एके दिवशी म्हणाली, "आज काही नाही," आणि एकाच जागी कितीतरी वेळ फडकं फिरवत राहिली. तिथे डाग नव्हता.

माझ्या बरोबर वर, छताला ओल आली होती. वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, त्यांच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत होतं. बाबांनी घरमालकाला सांगितलं. घरमालकानं रंगारी पाठवला. ओलीवर पांढरा रंग बसला आणि छत नवंकोरं दिसायला लागलं. बाबांनी झाडूच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. पुन्हा फोन केला. "बघतो, बघतो," घरमालक म्हणाला. आईनंही मान वर करून पाहिलं, आणि खाली बघून भात चिवडणाऱ्या मुंगीला रागावली. रोज डोक्यावर असणाऱ्या गोष्टीकडे माणूस किती वेळ बघणार?

तो दिवस साधाच होता. दुपारचं जेवण व्हायचं होतं. मुंगीनं माझ्यावरून चादर सोडून खाली बीळ केलं होतं. आत एक उशी, तीन चमचे आणि बाबांची एक चप्पल गोळा करून ती बसली होती. आईनं भात आणि वाटाण्याची ताटली माझ्यावर ठेवली, मुंगीच्या खुर्चीसमोर.

"मुंगे, वर ये. खुर्चीवर बस."

"मुंगी वर नसते. मुंगी बिळात असते."

"मुंगीचा भात वर आहे."

"मग भाताला खाली पाठव."

एरवी आई हसली असती. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. "हे बघ, मी एकदाच सांगते. मुकाट्यानं वर येऊन खुर्चीवर बस, नाहीतर बीळ मोडून टाकीन." तिनं चादर ओढली. आतून मुंगीनं धरून ठेवली. ही ओढतेय, ती ओढतेय. पोर हट्टाला पेटली होती. आईनं वाकून तिचा दंड पकडला आणि बाहेर खेचायला लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरात नळ चालू राहिल्याचं तिला ऐकू आलं. "थांब, आलेच मी. मग बघते तुला," म्हणून ती आत गेली.

सुरुवातीला आवाज झालाच नाही. भातावर काहीतरी बारीक पडलं. मला वाटलं, मीठ सांडलं.

मग छत खाली आलं.

कसं सांगू? माझ्यावर शिंपी रेलला आहे, लग्नात माणसं चढून उभी राहिली आहेत. हे तसं काही नव्हतं. हे वजन नव्हतंच, हा घाव होता. सिमेंटचे जाड पोपडे, विटांएवढे तुकडे, गंजलेल्या सळया. माझी मधली फळी कडाडली. एक पाय मोडून बाजूला गेला आणि मी तिरका झालो. उरलेल्या तीन पायांवर कसा उभा राहिलो, मला अजून ठाऊक नाही. मी शूर वगैरे नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की माझ्या खाली काहीतरी मऊ, ऊबदार आहे आणि ते हलतंय.

धूळ. मग काहीच नाही.

आई दारात आली. हात ओले होते. आधी तिची नजर खुर्चीवर गेली. खुर्चीचा चुरा झाला होता. पाठ एकीकडे, बैठक दुसरीकडे, आणि जिथे मुंगीचं डोकं असायला हवं होतं, तिथे सिमेंटचा एक मोठा तुकडा आरामात बसला होता. आईचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मी माणसांना रडताना पाहिलंय, किंचाळताना पाहिलंय. असं बिनआवाजाचं उघडं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. देव करो आणि पुन्हा न दिसो.

खालून शिंक आली.

"आई, माझ्या बिळात धूर आला."

त्या ढिगाऱ्यावरून आई कशी आली, गुडघे किती सोलले, तिचं तिला कळलं नाही. तिनं मुंगीला बाहेर ओढलं, तिचे हात चाचपले, पाय चाचपले, केसांत बोटं घालून डोकं चाचपलं. कपाळावर एक ओरखडा, बाकी काही नाही. मुंगीच्या मुठीत अजून एक चमचा होता.

वरचे आजोबा धडपडत जिना उतरून आले. "पोर कुठंय? पोर कुठंय?" पोर दिसल्यावर ते तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आई रडली नाही. ती मुंगीला घट्ट धरून जिन्यात उभी होती आणि एकच वाक्य म्हणत होती.

"मी तिला वर बस म्हणत होते."

बाबा कामावरच्या तेलकट कपड्यांतच धावत आले. दोघींना मिठी मारून म्हणाले, "काही झालं नाही ना? बास. काही झालं नाही."

"मी तिला वर बस म्हणत होते. हाताला धरून ओढत होते."

"अगं, पण ती बसली नाही ना!"

"मी ओढत होते."

शेजारी जमले. म्हणाले, नशीब थोर, आभार माना. फोनवर मावशीही रडत रडत तेच म्हणाली. तेव्हा मात्र आईचा आवाज चढला. "आभार? ताई, मला खुर्ची दिसते. डोळे मिटले की खुर्ची दिसते. तू मला आत्ता आभार मानायला सांगू नकोस."

ढिगारा उपसायला आलेल्या माणसांनी मला उचलून भंगारात टाकायला घेतलं. "त्याला हात लावू नका," आई म्हणाली. ते हसले नाहीत. तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

सुतार म्हणाला, "बाई, नवं घ्या. यात आता जीव नाही."

"पाय बसेल का ते सांगा."

"बसेल. पण दिसणार नाही चांगलं."

"बसवा."

आता आम्ही दुसऱ्या घरात राहतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर कुणी नको, एवढी एकच अट आईनं घातली होती. तरीही तिची झोप उडाली ती उडालीच. आडवी झाली की ती छताकडे बघत राहायची. दुपारी मुंगी झोपली की तिच्याजवळ बसून छतावर नजर ठेवायची, जणू नजर हटली की ते पडेल. बाबा म्हणायचे, "मी बसतो, तू पड जरा." ती पडायची, आणि डोळे उघडेच. बरं वाटण्याचा तो खेळ तर बंदच झाला. मलाही बरं नव्हतं. पंखा जरा घरघरला की माझ्या सगळ्या खिळ्यांना कंप सुटायचा.

मावशी राहायला आली. एका सकाळी मुंगी माझ्यापाशी जेवत होती. नव्या खुर्चीवर बसायला ती अजिबात घाबरत नव्हती. घाबरणं सगळं आईकडे आलं होतं. मुंगी एकेक वाटाणा पाण्याच्या पेल्यात टाकून "बुडाला, बुडाला" म्हणत होती. आत दूध उतू गेलं. करपल्याचा वास आला. मावशी गॅस बंद करायला धावली. आई जागची हलली नाही. पेल्यातल्या वाटाण्यांकडे टक लावून बसली होती.

"काय झालं गं?" मावशीनं परत येऊन विचारलं.

"ताई, मला कसला धक्का बसलाय सांगू? छत पडलं, तो धक्का बसून गेला. पण त्याच्या आदल्या दिवशी ते पडलं नव्हतं. त्याच्या आधीही रोज पडलं नव्हतं. मी त्याच्याच खाली उभी राहून टेबल पुसत होते, वैतागत होते, हिला जबरदस्तीनं खुर्चीवर बसवत होते, आणि ते पडत नव्हतं. इतके दिवस! हे मला झेपतच नाही. आता नळ सोडला आणि पाणी आलं तरी मी बघत उभी राहते. ही पेला घाण करते आणि मला वाटतं, अरे, हिला बोटं आहेत. दहाच्या दहा. याला आभार म्हणतात की वेड लागणं म्हणतात, मला समजत नाही."

मावशीनं पेल्यातला एक वाटाणा बोटानं काढून खाल्ला.

"दोन्ही असेल," ती म्हणाली. "चहा टाकते. दूध थोडं उरलंय."

आई हसली असं मी म्हणणार नाही. पण तिनं दोन्ही हात माझ्यावर पालथे ठेवले, आणि त्या हातांत फडकं नव्हतं.

मावशी गेली त्याला काही दिवस झाले. आज दुपारी मुंगी खडूनं माझ्या फळीवर रेघोट्या मारतेय. ओरडायला कुणी नाही, कारण आई झोपलीय. गादीवर नाही, इथेच, खुर्चीत बसल्या बसल्या. मुंगीच्या रेघांकडे बघता बघता तिची मान कलली आणि गाल माझ्यावर टेकला. तोंड थोडं उघडं आहे. श्वासाची वाफ माझ्या फळीवर येते, जाते. आणि गंमत बघा, माझे खिळे कापत नाहीत. वरचं छत मी विसरलो नाही, पण आत्ता मला त्याच्याकडे बघायला सवड नाही.

तेव्हा तुम्ही जिन्यात असाल, तर एक विनंती आहे. दाराची घंटा दाबू नका. काय काम असेल ते संध्याकाळी सांगा.