ही गाडी भिंतीवर जाणार नाही

मी एक मोटारसायकल बोलतेय. लांबच्या प्रवासाची, रुंद सीटची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली. माझ्या जाहिरातीत 'वापरलेली' असा शब्द होता. तो उच्चारताना लोक आवाज उगाच खाली आणतात. का हो? न वापरलेली राहिले असते, तर माझी अब्रू वाढली असती?

तसं राहणं मी भोगलंय. कारखान्यातून निघाले तेव्हा टाकीत तोंड दिसायचं. पहिल्या मालकाने मला मोठ्या हौसेने घरी नेलं. नव्याचे नऊ दिवस सरले आणि माझ्यावर चादर पडली. पाहुणे आले की तो ती उचलून मला दाखवायचा, पुन्हा झाकायचा. उंदरांनी वायरी कुरतडल्या, चेन गंजली, टायर बसून बसून चपटे झाले. शोभेची बाहुली!

मग चष्मेवाल्या बाई आल्या. नाक्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि दुकान बंद केलं की बाह्या सरसावून माझ्यापाशी. भिंगावरचा ओरखडा ज्यांना खपत नाही, त्यांना चेनवरची धूळ कशी खपेल? निघण्याआधी तेल, ब्रेक, हवा. परतल्यावर आधी माझी आंघोळ, मग त्यांची. डोळ्यांत तेल घालून जपलं म्हणतात ना, ते हे.

पण जपलं म्हणून कोंडलं नाही. बर्फाळ खिंडी, वाळूने बुजलेले रस्ते, बोटीतून ओलांडलेल्या नद्या, सगळं आम्ही पाहिलं. बाईंचा नवरा मागे बसून नकाशा उलटा धरायचा आणि ठामपणे चुकीचं वळण सांगायचा. आम्ही दोघी हटकून तेच वळण घ्यायचो.

गेल्या वर्षी पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या बाईंच्या गुडघ्याने दगा दिला. मी कलंडले, त्यांना सावरता आलं नाही. चौघांनी मिळून मला उचललं. बाई कपडे झटकत उठल्या आणि मला घरी घेऊन आल्या. सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "हिला विकायची."

"आणि तू?" नवऱ्याने बिचकत विचारलं.

"मी हलकी गाडी घेणार. गुडघा म्हातारा झालाय, मी नाही. आणि ही तर मुळीच नाही."

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे उंटावरचा शहाणा. आल्या आल्या त्याने माझ्या टायरला लाथ मारली आणि नवऱ्याकडे वळला. "काका, इंजिन कधी उघडलं होतं?"

"मला काय विचारता? मला अजून हिचा स्टँड लावता येत नाही. मालकीण ही इथे उभी आहे."

"अच्छा, बाईंनी चालवलीये! मग फार फिरली नसेल."

बाईंनी चावी फिरवली. मी पहिल्या फटक्यात सुरू झाले, आणि खरं सांगते, मुद्दाम जरा जोरात गुरगुरले. बाई म्हणाल्या, "तुम्ही फिरलात त्याहून जास्तच फिरलीये. या आता."

दुसरा आला हॉटेलवाला. मागितलेली किंमत त्याने जागच्या जागी कबूल केली, वर आणखी द्यायला तयार. "आत शिरलं की समोरच्या भिंतीवर टांगणार. खालून दिवे सोडू. लोक फोटो काढतील."

"आणि इंजिन?"

"काढून टाकू. भिंतीला वजन झेपायला नको?"

मी गारठले. तेवढ्या पैशांत बाईंची नवी गाडी सहज आली असती. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "गेलेल्या माणसांना भिंतीवर टांगतात. ही अजून चालती आहे."

तिसरे आले ते बेकरीवाले काका. सारा जन्म भट्टीपुढे गेलेला. आता धंदा दुसऱ्याला देऊन मोकळे झाले होते. सोबत लेक होती, कपाळाला आठ्या. "बाबा, कंबर बघा आधी आपली!"

काका माझ्याभोवती एक फेरी मारून बाईंना म्हणाले, "हिला काय सोसत नाही?"

"उभं राहणं."

काका हसले. "मलाही."

त्यांनी चक्कर मारायला मला बाहेर काढलं. लेक पाळत ठेवायला मागे बसली. नाक्यापर्यंत ती "हळू, हळू" करत होती. पुढचा मोकळा रस्ता लागला आणि ती गप्प झाली. परत दारात आलो तेव्हा तिचे केस पार विस्कटले होते. "बाबा, उतरू नका," ती म्हणाली. "अजून एक चक्कर."

हॉटेलवाल्यापेक्षा कमी घेऊन बाईंनी मला त्यांच्या हाती दिलं. रडल्या नाहीत. भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने माझा आरसा पुसला, काकांच्या उंचीला लावला आणि म्हणाल्या, "मागे फार बघू नका."

सध्या मी एका डोंगराच्या उतारावर उभी आहे. चिखलाने बरबटलेली. बापलेक वाट चुकलेत आणि खापर एकमेकांवर फोडतायत. इंजिन गरम आहे, पुढचं वळण दिसतंय. मला जुनी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, बाबांनो. फक्त आधी मला गाठा.