मधे कोणी नसतं

आईने हाताच्या पाठीने डोळे चोळले, आणि धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, “अगं, पाण्यात उतरताना गॉगल लावत जा ना.”

जेवणाच्या टेबलाशी तिघंच होते. आईचा हात डोळ्यांवरच राहिला. धाकट्याने जीभ चावली, पण जीभ चावून बोललेलं परत येत असतं तर जगातले निम्मे तंटे मिटले असते.

“कुठल्या पाण्यात?” बाबांनी विचारलं. त्यांचं आयुष्य छापखान्याच्या धडधडाटात गेलं होतं. तेव्हापासून त्यांना हवं ते ऐकू येत नसे आणि नको ते नेमकं ऐकू येई.

“भांड्यांच्या,” धाकटा म्हणाला. “साबणाचं पाणी उडतं ना डोळ्यांत.”

“भांडी घासायला गॉगल?”

“काही नाही हो, थट्टा करतोय तो,” आई म्हणाली. तिने जग उचलला आणि भरलेल्याच पेल्यात पाणी ओतलं. ते टेबलभर झालं. फडकं आणायला म्हणून ती आत गेली ती बाबांचं जेवण होईपर्यंत बाहेर आली नाही. धाकटा खाली मान घालून जेवत राहिला. ताट टाकून उठला असता तर कोणीतरी कारण विचारलं असतं.

केस पिकायला लागले तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. एका विमा कंपनीतले संगणक सांभाळणं हे त्याचं काम, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बटणाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. आई आणि ताई मात्र त्याच्या माघारी त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणत. हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ठाऊक होतं, आणि सगळी लाज तिथेच होती.

गेल्या हिवाळ्यात त्याने सगळ्या घराला जुन्या अ‍ॅपवरून उठवून नव्यावर नेऊन बसवलं होतं. कोणतं घ्यायचं याचा त्याने परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. एक फार किचकट म्हणून सोडलं, एकाच्या मालकांवर विश्वास बसेना, एकात आईला वाचता येतील एवढी मोठी अक्षरं होईनात. शेवटी जे ठरलं त्याच्यावर त्याने बाहेरच्या खोलीत उभं राहून व्याख्यान दिलं. ताई दूरच्या शहरातून फोनवर ऐकत होती.

“तू ताईला लिहिलंस ते फक्त ताई वाचणार. ज्यांनी अ‍ॅप बनवलं त्यांनाही ते वाचता येत नाही. मधे कोणी नसतं.”

“मग आत्तापर्यंत मधे कोण होतं?” आईने विचारलं.

“कोणीही असू शकतं.”

“आमच्यात चोरून वाचण्यासारखं असतं काय रे? भाजी महागली, गुडघा दुखतो.”

“प्रश्न तो नाही आई. तुझं ते तुझं.”

हे वाक्य बोलून तो स्वतःवरच खूश झाला होता. बाबांनी त्या अ‍ॅपला हातही लावला नाही. मला काही सांगायचं असलं तर मी जाऊन सांगेन, एवढं म्हणून ते उठले. बाबा तसे जुन्या वळणाचे. आत दोन माणसं बोलत असली की दाराबाहेर जोरात खाकरायचं आणि मगच पाऊल टाकायचं, ही त्यांची रीत. मग ती स्वतःचीच बायको आणि मुलगी का असेना. लहानपणी ताई त्यांची नक्कल करायची आणि धाकटा हसून लोळायचा.

त्याच दुपारी आईचा फोन हातात असताना धाकट्याने तिचं खातं बरोबर आणलेल्या आपल्या घरच्या संगणकाला जोडून टाकलं. कुठे अडली तर घरबसल्या सोडवता येईल, हा हेतू. तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागलं असतं, असं त्याने मनाशी म्हटलं आणि ते त्याला पटलंही. आपलंच मन, पटायला किती वेळ लागतो.

पहिले काही दिवस आईने ताईला फक्त किटलीचे फोटो पाठवले. तो कौतुकाने बघायचा. मग हळूहळू तिचं बोट सरावलं आणि ती लिहायला लागली. ही कोणीतरी वेगळीच बाई होती. ती शेजारणीची चालण्याची ढब अशी लिहायची की तो एकटाच संगणकासमोर हसायचा. ‘आज तज्ज्ञ आले होते,’ तिने एकदा लिहिलं, ‘चार्जर कसा लावायचा यावर प्रवचन झालं. मी झोप आवरून ऐकलं.’ ते त्याला लागलं. लागलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेऊन तो पुन्हा तिथेच बसला. एकदा बायकोने विचारलं, “काय एवढं हसतोयस?” त्याने संगणक मिटला आणि ऑफिसचं काहीतरी आहे म्हणाला. मिटताना हात का एवढा चटकन हलला, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. कुंपणाला कळत असतं आपण शेत खातोय ते.

मग एका बुधवारी एक फोटो आला. तरणतलावाच्या उथळ बाजूला, कडेचा दांडा एका हाताने धरून, पोहण्याच्या पोशाखात, डोक्याला घट्ट टोपी घातलेली आई. आणि ती हसत होती, सगळे दात दिसतील असं. खाली लिहिलं होतं, ‘शिकवणाऱ्या बाईंनी काढला. कोणाला बोलू नकोस. यांना कळलं तर बोलायचे नाहीत, नुसते बघत बसतील. धाकट्याला कळलं तर डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावेल.’

त्याने मान फिरवली. आपण बाथरूमचं दार चुकून उघडावं तसं त्याला झालं. पण दार चुकून उघडणारा माणूस ते लगेच लावून घेतो. धाकट्याने लावलं नाही. पुढचे कितीतरी बुधवार तो वाट बघत राहिला. पाण्यात तोंड घालायला तिला भीती वाटते, डोळे चुरचुरतात, बाई म्हणाल्या आता दांडा सोडा, हे सगळं त्याने तिच्या बरोबरीने भोगलं. आणि एका रविवारी जेवताना तिने डोळे चोळले.

त्यानंतर संगणकावर शुकशुकाट झाला. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘थंडी आहे का तिकडे?’ ‘आहे.’ बुधवारी ताईनेच विचारलं, ‘गेली होतीस का?’ आईने लिहिलं, ‘नाही. भेटल्यावर बोलू.’ ते वाचून धाकट्याचे कान तापले. त्याने जोडणी तोडायचं ठरवलं. पण मग पुढच्या बुधवारी ती गेली की नाही ते कसं कळणार, म्हणून तोडली नाही. स्वतःची इतकी किळस त्याला आधी कधी आली नव्हती.

शनिवारी आईचा फोन आला. “उद्या जरा लवकर ये. फोन दाखवायचाय.”

तो गेला तेव्हा बाबा पाव आणायला बाहेर पडले होते. आईने त्याला निजायच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसली. फोन तिने मांडीवर पालथा ठेवला होता.

“तुला माझा एक फोटो आला असेल ना?”

धाकट्याने त्या पालथ्या फोनकडे बघितलं.

“ताईला पाठवायचा होता रे. माझंच बोट चुकलं. मी पुन्हा पुन्हा बघितलं, तुझ्याकडे गेलेला मला कुठे दिसत नाही, पण गेल्याशिवाय तुला कसं कळणार?” ती त्याच्याकडे बघत नव्हती. चादरीची सुरकुती सरळ करत होती. “या वयात असा फोटो मुलाला जावा, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तू बघितलास, तरी चारचौघांत बोलला नाहीस. बाबांपुढे सावरून घेतलंस. ते तुझं मोठेपण.”

“होतं असं कधी कधी,” धाकटा म्हणाला.

आईने सुस्कारा सोडला. “मला वाटलंच. हे काढून टाक बाबा. तू चांगलं म्हणूनच दिलं असशील, पण मला नाही झेपत. आज तुला गेला, उद्या मामाला जायचा. मी पूर्वीसारखी साध्या फोनवर बोलेन. आणि ते पोहणंही सोडलं. बाईंना सांगितलं, गुडघा दुखतो.”

“कशाला सोडलंस?”

“पुरे झालं आता.” तिने उजव्या हाताचं बोट वर करून त्या बोटाकडेच असं बघितलं, जसं काही खोडकर नातवंडच समोर उभं आहे. “याचा काही नेम नाही. मागच्या खेपेला दांडा सोडला होता मी, माहितीय? इतका वेळ.” तिने चुटकी वाजवली. मग फोन त्याच्या हातात दिला.

धाकट्याने फोन उघडला. काम अगदी सोपं होतं. अ‍ॅप काढलं की जोडणी गेली. चूक आईच्या बोटाची, ती तिच्याकडे राहिली असती आणि मोठेपण त्याच्याकडे. कोणाला कधी कळलं नसतं. त्याचं बोट काचेवर नुसतंच टेकून राहिलं. समोर आई वाट बघत होती, तपासायला आलेल्या डॉक्टरकडे बघावं तशी, विश्वासाने आणि थोड्या भीतीने.

त्याने दुसरंच पान उघडलं आणि फोन तिच्याकडे फिरवला.

“आई, चष्मा लाव. हे वाच.”

आईने उशीजवळचा चष्मा घेतला. औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं अक्षर अक्षर लावत तिने वाचलं, “जोडलेली उपकरणं. धाकट्याचा कॉम्प्युटर.” ते नाव त्यानेच दिलं होतं, व्यवस्थित माणूस म्हणून. “म्हणजे काय?”

“तू ताईला लिहितेस ते तिथे दिसतं. माझ्या घरी. पहिल्या दिवसापासून.”

“सगळं?”

“सगळं.”

“प्रवचनाचंही?”

“हो.”

आईने चष्मा काढला. बराच वेळ ती आपल्या बोटाकडेच बघत होती.

“म्हणजे माझं बोट चुकलं नव्हतं.”

“नाही.”

क्षणभर तिचा चेहरा हलका झाला. खरोखरच हलका झाला, आणि धाकट्याला ते बघवेना. ती रागावली असती तर त्याने सहन केलं असतं. मग तो हलकेपणा गेला, आणि त्याच्या जागी जे आलं तेही त्याला बघवेना.

“मधे कोणी नसतं म्हणाला होतास.”

त्याने मान खाली घातली. माफ कर म्हणावं असं त्याच्या मनात आलं, पण तो शब्द इतका लहान वाटला की तोंडातून निघेना.

“कसं काढायचं ते?” आईने विचारलं. त्याने हात पुढे केला तसा तिने फोन मागे ओढला. “तू नाही. तू सांग, मी करते.”

त्याने सांगितलं. नावावर बोट ठेव. खाली लाल अक्षरं येतील, त्यावर. खरंच काढू का विचारेल, हो म्हण. आईचं बोट जराही अडखळलं नाही.

“गेलं?”

“गेलं.”

“पुन्हा येईल?”

“तू जोडलंस तरच.”

“बरं.” तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “आता बाहेर जा. मला ताईशी बोलायचंय. दार ओढून घे.”

त्याने दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. जिन्याकडचं दार मात्र उघडं होतं, आणि बाहेर वरच्या पायरीवर, पावाची पिशवी गुडघ्यांवर घेऊन, बाबा पाठमोरे बसले होते.

“इथे काय करताय?”

“आतलं दार बंद दिसलं,” बाबा म्हणाले. “म्हटलं, तुमचं काहीतरी चाललंय.”

आज ते खाकरलेही नव्हते. खोलीतून आईचा आवाज ऐकू यायला लागला. अजून नुसता आवाज होता, पण धाकटा जरा थांबला असता तर शब्द लागले असते. तो झपाट्याने जिना उतरायला लागला आणि खालच्या वळणाशी जाऊन उभा राहिला. बाबा एकेक पायरी धरत त्याच्या मागोमाग आले आणि तिथल्या पायरीवर बसले. तो का उतरला, ते त्यांनी विचारलं नाही.

“या बुधवारी टॉवेल कोरडाच होता तिचा,” ते मधेच म्हणाले.

“काय?”

“एरवी बुधवारी ओला असतो. दोरीवर अगदी मागे घालते, साडीच्या आड. तिथे वाळत नाही नीट. मग ती झोपली की मी पुढे आणतो आणि उठायच्या आधी परत मागे नेऊन टाकतो.”

“कुठे जाते, विचारलं नाहीत कधी?”

“तिने सांगितलं नाही, मग विचारायचं काय?” बाबांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. “येताना गुणगुणत यायची. आता बंद झालंय ते.” थोड्या वेळाने त्यांनी वर बघितलं. “तुला काही माहीत आहे का रे?”

“नाही,” धाकटा म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. मग ते पायरीवर थोडे सरकले आणि त्याला बसायला जागा करून दिली.