यादीतली चौसष्ट घरं

अंकिताचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. ती तानाबाईची थोरली नात. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तळणखेडच्या विहारासमोर मांडव पडला. नागपूरचे पाहुणे सांगितल्यापेक्षा दुप्पट आले. आलू-वांग्याची भाजी संपली, तेव्हा तानाबाईनं पदर खोचून दुसरा गंज चुलीवर चढवला. लग्न निभावलं. महिनाअखेरीस लग्नाची नोंद करायला ती नगर पंचायतीत गेली, आणि तिथल्या भिंतीपाशीच थांबून राहिली.

भिंतीवर नवा फलक लागला होता. घरकुल योजना. मंजूर ८६. पूर्ण ६४. काम सुरू २२. शेजारी नावांची यादी चिकटवली होती. तानाबाईला वाचायला वेळ लागे. ती नावाखाली बोट धरून एकेक अक्षर जोडत गेली. सदतिसाव्या नावावर बोट थांबलं. शकुंतलाबाई. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, पूर्ण.

तानाबाईनं ते दोनदा वाचलं.

शकुंतलाबाई तिची कामावरची जोडीदारीण. दोघींनी चाळीस वर्षं बांधकामावर रेजाकाम केलं. आर्वीपासून पवनारपर्यंत किती स्लॅब त्यांच्या डोक्यावरच्या घमेल्यांतून चढले, त्याला हिशेब नाही. शकुंतलाबाईला मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. सिमेंट खाऊन खाऊन छाती खराब झालेली. तिला घरकुल मंजूर झालं, भिंती लिंटलपर्यंत, दारा-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, आल्या आणि काम थांबलं. पुढचा हप्ता आलाच नाही. भिंतींवर चार टिना टाकून, वर दगड ठेवून ती दोन पावसाळे त्यात राहिली होती. पाणी आडवं आलं की अंथरूण भिजे. डॉक्टर म्हणाले होते, या बाईला ओल नको. तिसरा पावसाळा तोंडावर आला होता.

तानाबाई लग्नाची नोंद विसरली आणि आतल्या खोलीत गेली. तिथं आदेश नावाचा कंत्राटी अभियंता संगणकापुढं बसला होता.

"बाबू, सदतीस नंबर पाह्य बरं. शकुंतलाचं घर."

"पूर्ण आहे, आजी."

"छत नाई त्याले."

"सिस्टीममध्ये पूर्ण आहे."

"मंग तुह्या सिस्टीममंदी झोपव तिले. पाऊस आला का पाणी गळते तिच्या अंगावर."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. आदेश हसला नाही. पोरगा वाईट नव्हता. त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. "मी यायच्या आधीचं आहे हे. पण फोटो आहे, बघा. घर आणि घरासमोर लाभार्थी. दोन्ही दिसतात."

फोटोत शकुंतलाबाई पांढरं लुगडं नेसून उभी होती. मागं निळा दरवाजा, चौकटीला पांढरं सूत बांधलेलं. तानाबाईनं दरवाजा ओळखला. तो शेजारणीचा, छायाचा. छायाचं घर त्याच गल्लीत, शकुंतलाबाईच्या घरापासून दहा पावलांवर. आणि छायाच्या गृहप्रवेशाचा तो दिवसही तिला आठवला.

त्यांच्या वस्तीत नव्या घरात शिरताना वयानं सर्वांत मोठ्या बाईला दाराशी पुढं उभं करतात. तिनं मेणबत्ती लावायची, मग वंदना, मग खीर. त्या दिवशी शकुंतलाबाई मागं भिंतीला टेकून खोकत बसली होती. तानाबाईनंच तिला दंडाला धरून पुढं आणलं होतं. "चाल व, मोठी तू हायस. मांगं काऊन लपतं?" तेवढ्यात नगर पंचायतीचा फोटो काढणारा माणूस आला. त्याला यादीतली एक बाई हवी होती, आणि बाई दाराशी तयार उभी होती. त्यानं नाव विचारलं. शकुंतलाबाईनं आपलं नाव सांगितलं. दुसऱ्या कोणाचं सांगणार?

तानाबाईनं विचारलं, "हे परत अपूर्ण करता येते का?"

"अवघड आहे, आजी. एकदा पूर्ण झालं की नाव बंद होतं. पुढचा हप्ता निघत नाही. मुख्याधिकारी मॅडमनी जिल्ह्याला लिहिलं तरच. आणि एका घरासाठी त्या लिहितील असं वाटत नाही."

तानाबाई थेट शकुंतलाबाईकडं गेली. ती टिनेखाली तुरीची डाळ निवडत होती.

"तुह्यं घर झालं म्हणते नगर पंचायत."

"हाव का? मले सांगतलं नाई कोणं. राह्याले तरी गेली असती."

"मजाक नोको करू." तानाबाईनं फोटोची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, "तुले पुढं मी ढकललं, शकुंतला. मी ढकललं नसतं त हे झालं नसतं."

शकुंतलाबाई हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली. पाणी पिऊन म्हणाली, "चाळीस वर्सं भारी घमेलं आलं का मलेच पुढं ढकलत होती तू. आदत हाय तुही. आता काय करतं ते सांग."

"मोजतो," तानाबाई म्हणाली. "तुह्यं एक चुकलं त बाकीचे बरोबर कायच्यावरून? एका घरासाठी मॅडम लिहीत नसन, त जेवढे असन तेवढे घेऊन जातो."

मोजायची रीत तिच्याजवळ तयार होती. वस्तीत घर बांधून झालं की वंदना होते, वंदना झाली की खीर होते, आणि खीर असली की तानाबाईला बोलावणं असतं. भांडण असलं तरी असतं. म्हणून जितक्या घरची खीर खाल्ली तितकी घरं झाली. दोघी जणी दोन दिवस आठवत बसल्या. कोणाची खीर पातळ होती, कोणी गूळ टाकला होता, कोणाच्या घरी चारोळी होती, हे शकुंतलाबाईला घराच्या नंबरापेक्षा जास्त पाठ होतं. आकडा आला त्रेचाळीस. चौसष्टातून त्रेचाळीस गेले, राहिले एकवीस.

तानाबाईला जोर चढला. जूनच्या पहिल्या सोमवारी मुख्याधिकारी मेघा मॅडम लोकांच्या तक्रारी ऐकायला सभागृहात बसल्या, तेव्हा ती सगळ्यांत आधी उठली.

"मॅडम, तुमच्या फलकावर चौसष्ट घरं हाय. मोजले त त्रेचाळीसच हाय. एकवीस घरं नुसते कागदावर हाय."

वरच्या वार्डाचे नगरसेवक भैयाजी पुढच्या खुर्चीत बसले होते. मोठे शेतकरी, आवाजही मोठा.

"तानाबाई, मोजले कसे तुमी?"

तिनं खरं ते सांगितलं. खीर म्हणताच मागं खसखस पिकली.

"अन् आमच्या वार्डात किती घरची खीर खाल्ली जी?" भैयाजींनी विचारलं. "आमच्या इथं सत्यनारायण होते. शिऱ्याचा प्रसाद असते. त्याले तुमी आल्ते का कधी?"

आता सगळं सभागृह हसलं. तानाबाईला आपली चूक तिथल्या तिथं कळली. चौसष्ट नावांत वरच्या वार्डाची नावंही होती. तिनं सगळी यादी बोट धरून वाचलीच नव्हती. आकड्यातून आकडा वजा केला होता आणि धावत आली होती. शकुंतलाबाई दाराजवळ बसली होती. तिनं मान खाली घातली.

तानाबाई मात्र खाली बसली नाही. "बरोबर बोलले भैयाजी," ती म्हणाली. "माहं मोजणं चुकलं. फक्त आमच्या वस्तीचं मोजलं मी. पण शकुंतलाच्या घराले छत नाई, ते त चुकलं नाई? तुमी चाला, मी चालतो, हा पोरगा कागद घेऊन चालन. चौसष्टही घरं पायानं मोजू. जितके निंगन तितके, मी सर्व्यायसमोर सांगतो."

मेघा मॅडम तिशीतल्या होत्या, याच वर्षी बदलून आलेल्या. त्यांनी भैयाजींकडं पाहिलं. भैयाजी नाही म्हणू शकत नव्हते. नाही म्हटलं असतं तर हसणारे लोक त्यांच्याकडं वळले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं निघाले. सुरुवात वरच्या वार्डापासून करायची, असा भैयाजींचा आग्रह होता. तानाबाई कोणत्याही घराचं तोंड पाहत नसे. ती आधी मागच्या बाजूला जाई, मग आत येऊन वर बघे. स्लॅबला खालून ओल आहे का, पाणी मारून तराई नीट झाली का, कोपऱ्यात सळई उघडी आहे का. मग घरातल्या बाईला प्यायला पाणी मागे. पाणी कुठून येतं, चूल कुठं आहे, रात्री कोण झोपतं, हे त्या पाण्याबरोबर कळे.

"घर हाय. लिही," ती म्हणे, आणि आदेश खूण करी.

असं चौदा वेळा झालं. दर घरामागं भैयाजींची चाल ऐटीत येत गेली. "काय तानाबाई, अजून पाणी पेता का? पोट फुटन!"

"फुटू द्या जी. घर हाय तर हाय. मले कायचं दुःख?" आणि ते खरंच होतं. स्लॅब चांगला पडलेला पाहून तिला बरं वाटे, मग तो कोणाचा का असेना.

पंधराव्या ठिकाणी कोणी बाई पाणी घेऊन आली नाही. तिथं घरच नव्हतं. गुडघाभर उंचीचं जोतं, त्यावर तुराट्यांचा ढीग, आणि बाजूला कुडाच्या झोपडीत खाटेवर भैयाजींचे सख्खे काका अण्णाजी बसले होते.

आदेशनं मोबाइलवर यादीतला फोटो उघडून दाखवला. अण्णाजी नारळ हातात घेऊन एका पक्क्या घरासमोर उभे होते. घर भैयाजींच्या मुलाचं, विवेकचं. वास्तूच्या दिवशी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं नारळ फोडायचा, म्हणून त्यांना दाराशी उभं केलं होतं. फोटोवाला तेव्हाच आला होता. माणसं घरी सापडतात आणि जेवणही होतं, म्हणून तो अशाच दिवशी येत असे.

भैयाजींनी मोबाइल आपल्या हातात घेतला. "काका, तुमी मले बोलले काऊन नाई?"

"तूच त नगरसेवक हायस," अण्णाजी म्हणाले. "मले वाटलं, तुले माईत असन."

तानाबाईनं टोमणा मारला असता तर तो शोभला असता. तिनं मारला नाही. "लिही रे," ती आदेशला म्हणाली. "घर नाई." आणि भैयाजींना म्हणाली, "चाला जी. अजून लय बाकी हाय."

दुसऱ्या दिवशी वस्तीत आले तेव्हा घराच्या मागच्या बाजूला तानाबाईच्या आधी भैयाजीच जाऊ लागले. दोन दिवसांत सगळी चौसष्ट ठिकाणं झाली. सत्तावन्न घरं उभी होती. सात नव्हती. पाच वस्तीत, दोन वरच्या वार्डात. सातही फोटोंत कोणी ना कोणी म्हातारं माणूस दुसऱ्याच्या दाराशी मानानं उभं होतं.

मेघा मॅडमनी कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं. "मार्चमध्ये मी जिल्ह्याला चौसष्ट कळवलेत. आता सत्तावन्न लिहिलं तर उत्तर मला द्यावं लागेल."

"द्या न मॅडम," तानाबाई म्हणाली. "मी सर्व्यायसमोर एकवीस म्हटलं होतं. आता सात म्हणतो. लोक हासले. मेली का मी?"

मॅडमना हसू आलं. मग भैयाजींनी खुर्ची पुढं ओढली. "मॅडम, लिहा तुमी. खाली सही मीबी करतो. माह्या पोराच्या घराचा फोटो हाय त्यात. पह्यले ते लिहा."

पत्र गेलं. जिल्ह्याचं उत्तर यायला पावसाळा सरला. त्या पावसाळ्यात तानाबाईनं शकुंतलाबाईला आपल्या घरी आणून ठेवलं. ती दर आठ दिवसांनी भांडून आपल्या टिनेखाली परत जाई आणि पाणी आलं की पुन्हा येई. ऑक्टोबरमध्ये तपासणीला माणसं आली. सातही नावं उघडली. फलकावरचा आकडा पुसून तिथं सत्तावन्न लिहिला गेला. नवे फोटो काढताना तानाबाई स्वतः हजर होती. "ज्याचं घर त्यानंच उभं राह्याचं. बाकीचे मांगं सरका. मानपान जेवतानी पाहू," असं ओरडून तिनं बायांना हाकललं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी यादी बाहेर यायच्या आधी ती, छाया आणि वरच्या वार्डातली एक बाई अशा तिघी जणी आदेशबरोबर सगळी घरं फिरतात, आणि त्यांचे अंगठे-सह्या झाल्याशिवाय मॅडम आकडा लिहीत नाहीत.

शकुंतलाबाईचा हप्ता डिसेंबरात आला. जानेवारीत स्लॅब पडला. मिस्त्रीनं तिला खुर्ची दिली होती, पण ती खुर्चीत बसली नाही. खाली उभी राहून "अरे कोपरा दाब, तिकडं मसाला कमी पडून राह्यला," असं सांगत राहिली. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिनं स्वतः तराई केली. तानाबाई म्हणाली, बस झालं, छाती भरन. ती म्हणाली, "लोकायच्या स्लॅबाले जलमभर पाणी देल्लं व मी. माह्याले नोको देऊ?"

फेब्रुवारीत ती राहायला गेली. एक पूर्ण पावसाळा ती त्या घरात कोरड्या अंथरुणावर झोपली.

शकुंतलाबाई दोन हजार चोवीस साली ऑक्टोबरच्या सतरा तारखेला, गुरुवारी सकाळी, आपल्या घरात वारली.