उसवलेल्या बाह्या

“कुणाच्या दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढत जाऊ नकोस गं,” सासूबाईंनी बजावलं होतं. “दोरी घरातलं सगळं बोलते.”

ह्येरान नुसती हसली होती. सोलच्या कॉलेजात शिकलेली ती, युद्ध पेटल्यावर तान्ही लेक आणि कॅमेरा घेऊन सासरच्या या डोंगरातल्या ताल्गोल गावी आली होती. बायका मुळा खारवत, भात कांडत, ओढ्यावर धुणं आपटत. लेकीला पाठीशी बांधून ती त्यांचे फोटो काढी आणि बुसानच्या साप्ताहिकाला पाठवी.

ओढ्याकाठच्या ओक्बुनच्या अंगणातला फोटो धुऊन पाहिला, तेव्हा मात्र तिला सासूबाईंचं बोलणं आठवलं. दोरीवर पुरुषाचा सदरा होता. शिवण उसवून बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी. इकडे अंगावर मळलेला कपडाच असा उसवून धुतात. आणि ओक्बुनचा नवरा तर वर्षभर बेपत्ता! वर डोंगरात बंडखोर, खाली पोलीस. घरात माणूस लपवलाय म्हणायला एवढा फोटो पुरे होता.

ती तशीच ओक्बुनकडे गेली. ओक्बुन खळ दिलेल्या कापडाच्या सुरकुत्या मोडायला ते दगडावर ठेवून दोन दांडक्यांनी बडवत होती.

“वहिनी, हा फोटो मी जाळून टाकते.”

“का गं? एवढी वाईट दिसते मी?”

“अहो, सदरा बघा की! कोण घालतं म्हणून विचारतील.”

“कोण घालणार! ठेवून ठेवून पिवळा पडतो मेला. ऋतू पालटला की उसवते, धुते, पुन्हा शिवते.” तिने दांडकी खाली ठेवली. “पोलीस येऊन घर उपसून गेलेत. सापडलं काय, तर लोणच्याचे रांजण! तू छाप. कुठे जिवंत असेल तर आपलं अंगण ओळखेल. नाही ओळखलं, तर आल्यावर याच दांडक्यानं बडवते त्याला.”

ह्येरानने फोटो पाठवला. तो छापून आला तेव्हा ती लेकीच्या तापापायी बुसानला होती, आणि चकमकींमुळे गावची वाट बायामुलांना बंद झाली होती. पोलीस पुन्हा ओक्बुनकडे गेले असतील का? हा एकच घोर. पुढच्या अंकात तोच फोटो पुन्हा छापायला लावून तिने खाली लिहिलं :

“हा सदरा ज्याचा, तो अजून घरी आलेला नाही. तुमच्यापैकी कुणी ताल्गोल गावावरून जाणार असेल, तर ओढ्याकाठच्या शेवटच्या घरापाशी जरा थांबा. दांडक्यांचा आवाज येतोय का, ऐका. येत नसेल, तर आत डोकावा. ओक्बुन कशी आहे, तेवढं मला कळवा.”