बाई म्हणायचं

बेलापूरजवळच्या आमच्या बालाश्रमात मी माझ्या आईला आई म्हणायचं नाही, असा नियम होता. बाई म्हणायचं. ती तिथे लेकरं सांभाळायची, आणि पोरक्या पोरांना वाईट वाटायला नको. नियम लिडियाबाईंचा, म्हणजे आईचाच. दाद मागायची कुणाकडे? रात्री मात्र कुशीत घेऊन ती कानात सांगायची, "आता म्हन आई." त्या रात्रींची ऊब मला अजून आठवते.

लढाईच्या दिवसांत देवीची साथ आली. आईला आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या छबूबाईला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून कुंपण घालून वेगळ्या ठेवलेल्या आजारी लेकरांपाशी त्या दोघींना धाडलं. बाकीच्या बायका घाबरून माहेरी गेल्या. त्यांना तरी काय बोलायचं? दोघींनी पाळीपाळीने गोणपाटावर पाठ टेकायची, लुगडी रोज उकळायची, कुंपणाशी ठेवलेलं गार जेवण खायचं. शेवटची खपली पडेपर्यंत बाहेर यायचं नाही.

मी कुंपणाबाहेर आजीपाशी. एका दुपारी आत एक पोर तापात ओरडलं, "आई गं!"

"हाय रं बाळा, हितंच हाय," माझ्या आईचा आवाज आला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आजी, त्यो तिला आई म्हनतोय."

वाकळ शिवता शिवता आजी म्हणाली, "म्हनू दे. त्याला दुसरी हाय का?"

"मला तरी कुठं हाय?"

आजीने सुई बाजूला ठेवली आणि मला जवळ ओढलं.

देवी घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, ही जुनी रीत येशूला मानणाऱ्या आमच्या बायकांनीही सोडली नव्हती. एका सकाळी आतून लसणाच्या फोडणीचा वास आला, आणि मी धावत सुटले. आई दारात उभी होती, केस कापलेली, वाळून काटकी झालेली. तिच्या लुगड्याला लेकरं बिलगली होती. आई म्हणायचं ठरवून गेले होते, तोंडातून निघालं, "बाई."

ती हसली. लेकरांदेखत 'आई म्हन' असं तिनेही सांगितलं नाही. त्यानंतर पोरं तिला रात्रीही सोडेनात, म्हणून ती त्यांच्यातच झोपू लागली. माझी कुशीतली जागा गेली आणि कानातला तो शब्दही गेला. मोठेपणी म्हणावासा वाटला, पण जीभ वळेना.

तिच्या मातीला कुठून कुठून माणसं आली, तोंडावर देवीचे वण असलेली. सगळी आई, आई म्हणून रडत होती. मी तेवढी बाई म्हणून रडले.